डिस्चार्ज बुक उघडून वाचा : एमआयडीसीतल्या कारखानदारांना आणि एचआर विभागांना खुलं पत्र

प्रति,
चाकण, रांजणगाव, शिरवळ, सुपा, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या कारखान्यांचे मालक, प्लांट हेड, एचआर आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर

सप्रेम नमस्कार.

"माजी सैनिक पाहिजेत. पद : सिक्युरिटी सुपरवायझर / गार्ड. वय ४५ च्या आत. ड्युटी १२ तास. पगार समक्ष."

ही जाहिरात तुमच्या गेटशेजारच्या खांबावर वर्षानुवर्षं तशीच चिकटलेली आहे. १२ तास कायद्यात कसे बसतात ते तुमचं तुम्ही बघा. सुरक्षेचं काम हलकं आहे असंही आमचं म्हणणं नाही. पण त्याच कारखान्यात, त्याच महिन्यात स्टोअर इनचार्ज, डिस्पॅच सुपरवायझर, डीजी सेट (जनरेटर) ऑपरेटर, मेंटेनन्स फिटर अशा जागा रिकाम्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या जाहिरातीत 'माजी सैनिक' हे दोन शब्द कुठेच नसतात. फौजीचा अर्ज आला की तो आपोआप सिक्युरिटी एजन्सीच्या फायलीत जातो. आम्ही माजी सैनिकांची कागदपत्रं (त्यातलं मुख्य डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून सुटताना मिळणारं पुस्तक) आणि कंपन्यांचे भरतीचे फॉर्म यांच्यामधल्या फटीत काम करणारी माणसं आहोत. ती फट कुठे कुठे आहे आणि कशी बुजवायची, एवढ्यासाठीच हे पत्र.

आधी वयाचं बोलू. भूदलातला शिपाई सतरा-अठरा वर्षं नोकरी करून घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा पस्तीस ते चाळिशीच्या दरम्यान असतो. पेन्शनला किमान १५ वर्षं सेवा लागते. अग्निवीर योजनेआधी भरती झालेल्या नौदलातल्या खलाशाची पहिली मुदत १५ वर्षांची, हवाई दलातल्या एअरमनची २० वर्षांची. हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशी बढती मिळालेले आणखी काही वर्षं थांबतात. गावाकडे म्हणतात, 'तो पेन्शनवर आला.' हे ऐकून एचआरच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा राहतो. प्रत्यक्षात समोरच्या माणसाची मुलगी सातवीत असते, घराचं कर्ज अर्धंच फिटलेलं असतं आणि पुढे वीस वर्षांची नोकरी करायची असते.

'हवालदार' या शब्दाने तर मोठाच घोटाळा केला आहे. आपल्याकडे हवालदार म्हटलं की चौकीतला पोलीस आठवतो. भूदलात हवालदार म्हणजे साधारण दहा माणसांच्या सेक्शनचा प्रमुख. त्यातही कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे फौजेतला 'सीक्यूएमएच', जवळपास १२० माणसांच्या कंपनीचं सगळं सामान सांभाळतो : कपडे, बूट, तंबू, भांडी, बिछाने. प्रत्येक वस्तू लेजरवर, प्रत्येक देणं-घेणं व्हाउचरवर. ठरल्या मुदतीने अधिकारी येऊन मोजणी करतात आणि कमी भरलेल्या वस्तूचा जाब द्यावा लागतो, प्रसंगी पगारातून वसुली होते. आता तुमच्या स्टोअरचं बघा. सायकल काउंटला (अधूनमधून होणाऱ्या माल-मोजणीला) तफावत येते ती बहुतेक वेळा चोरीमुळे येत नाही. "माल घेऊन जा, इश्यू स्लिप नंतर बनवू" या एका वाक्यामुळे येते. ते वाक्य न बोलण्याची ज्याला कित्येक वर्षांची सवय आहे असा माणूस तुम्ही गेटवर उभा करून गाड्यांचे नंबर लिहायला लावला आहे. त्याला एसएपी (कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) येत नाही हे खरं. पण एसएपीच्या चार-पाच स्क्रीन शिकवता येतात, स्लिपशिवाय माल न देण्याचा हट्ट शिकवता येत नाही.

म्हणून अर्ज हातात आला की हुद्द्याआधी ट्रेड, म्हणजे फौजेत त्याने केलेलं काम, बघा. ईएमईचा (फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा) व्हेइकल मेकॅनिक असेल तर तुमच्या फोर्कलिफ्ट आणि कंप्रेसरच्या मेंटेनन्सला चालेल. इंजिनिअर्सचा ओईएम, म्हणजे खोदकामाची यंत्रं चालवणारा ऑपरेटर, जेसीबी-एक्सकॅव्हेटरवर बसेल. क्लार्क एसडीने (स्टाफ ड्यूटीज, म्हणजे कार्यालयीन कामाचा कारकून) रजेचे हिशेब, पत्रव्यवहार, हजेरी, गोपनीय फायली हे सगळं केलेलं असतं. टाइम ऑफिसला याहून जवळचं काम शोधून सापडणार नाही. स्टोअरकीपर टेक्निकल म्हणजे सुट्या भागांचा माणूस, पार्ट नंबर वाचणारा. सिग्नल्सचा माणूस केबल, सर्व्हर रूम, सीसीटीव्ही, ॲक्सेस कंट्रोलला बघा. नौदलातला इंजिन रूमचा माणूस बॉयलर, पंप, चिलर, डीजी सेट यांच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा असतो.

काही ठिकाणी मात्र फौजेचा अनुभव कागदावर तसाच्या तसा चालत नाही, आणि हे आधी सांगितलं नाही की तिसऱ्या महिन्यात भांडण होतं. लष्कराचा वाहन परवाना बाहेर चालत नाही. जड वाहनाचा नागरी परवाना आहे का आणि तो कधीपर्यंत वैध आहे ते बघा. आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट प्रथमोपचारात तुमच्या कोणत्याही कंत्राटी माणसापेक्षा तयार असेल, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर त्याला नोंदणीकृत नर्सच्या जागेवर दाखवता येणार नाही. इलेक्ट्रिशियनला राज्याच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेचा वायरमन किंवा सुपरवायझर परवाना लागतो, बॉयलरवर बसायला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं. माणूस आवडला असेल तर त्याला मदतनीस म्हणून घ्या, परीक्षेचा खर्च कंपनीने करा आणि परवाना आला की पद व पगार काय होईल ते नेमणूकपत्रातच लिहा. हे तोंडी ठेवू नका.

आता डिस्चार्ज बुक. छोटं पुस्तक असतं, त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, ट्रेड, भरती आणि सुटकेची तारीख, केलेले कोर्स, पदकं, वर्तणुकीचा शेरा, वैद्यकीय श्रेणी आणि सेवेतून जाण्याचं कारण असतं. शेवटच्या दोन नोंदींवर भल्याभल्या पार्श्वभूमी-तपासणी एजन्सी अडखळतात.

कारणाच्या रकान्यात 'आर्मी रूल १३(३)' असं लिहिलेलं दिसतं आणि एजन्सी 'नियमान्वये कमी केलेला' असा लाल शेरा मारून मोकळी होते. अहो, जवळपास प्रत्येक जवान १३(३) खालीच घरी येतो! पुढचा आयटम वाचायचा असतो. ३(१) म्हणजे भरतीच्या वेळी ठरलेली मुदत पूर्ण केली. ३(४) म्हणजे मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून सुटका. आई-वडिलांचं आजारपण, घरी कुणी कर्तं माणूस नसणं अशी कारणं त्यामागे असतात. ३(५) हा इतर सर्व कारणांचा मोठा वर्ग आहे. तिथे शंका असेल तर उमेदवारालाच शांतपणे विचारा आणि वर्तणुकीचा शेरा शेजारी ठेवून वाचा.

वैद्यकीय श्रेणीला 'शेप' म्हणतात. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी अशा पाच गोष्टींची ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ अशी श्रेणी असते. सगळीकडे १ असेल तर 'शेप वन'. एखाद्याची फक्त श्रवणाची श्रेणी २ असेल तरी त्याची गणना 'लो मेडिकल कॅटेगरी'त होते. तोफखान्यात किंवा रणगाड्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे कान थोडे कमी होणार यात नवल ते काय? पण 'एलएमसी' ही तीन अक्षरं दिसताच अर्ज बाजूला पडतो. श्रेणी कोणत्या अक्षराला आहे आणि तुमच्या कामाला ते अक्षर लागतं का, एवढंच बघायचं असतं. कान कमी असलेला माणूस प्रेस शॉपच्या गोंगाटात घालू नका, स्टोअरमध्ये घाला. रुजू होतानाच ऑडिओमेट्री (कानांची चाचणी) करून घ्या, म्हणजे पुढे वाद नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण लेखी ठेवावं लागतं. तुमचं कुठल्या कपाटात आहे ते एकदा शोधा.

पडताळणीसाठी एजन्सी जुन्या युनिटला ई-मेल करते, उत्तर येत नाही आणि तीस दिवसांनी केस 'अनव्हेरिफाइड' म्हणून बंद होते. युनिट उत्तर देणारच नाही, ते त्याचं काम नाही. सेवेच्या नोंदी रेकॉर्ड ऑफिसात असतात : मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, तोफखान्याच्या नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सच्या खडकीला, ईएमईच्या सिकंदराबादला, सिग्नल्सच्या जबलपूरला. तिथूनही उत्तराला वेळ लागतो. त्यापेक्षा मूळ डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक ओळखपत्र हे तीन कागद समोर ठेवून सेवा क्रमांक, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग जुळवा. शंका उरली तर त्याच जिल्हा कार्यालयाला पत्र द्या. स्पेलिंग जुळलं नाही म्हणून घाबरू नका. आधारवर एक आणि सेवेच्या नोंदीत दुसरं, हे इतकं सर्रास आहे की त्यात लबाडी शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

तुमचं ऑनलाइन पोर्टल हा तर वेगळाच अडथळा. मागच्या कंपनीचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर हे रकाने भरल्याशिवाय 'सबमिट' दाबलं जात नाही. जवानाला यूएएन नसतो, त्याचा भविष्य निर्वाह निधी फौजेचा वेगळा असतो. रिलीव्हिंग लेटरही नसतं, डिस्चार्ज बुक हेच ते. मग सायबर कॅफेवाला काहीतरी आकडे टाकून फॉर्म पुढे ढकलतो आणि सहा महिन्यांनी 'खोटी माहिती दिली' म्हणून नोटीस निघते. 'पूर्वीचा मालक : संरक्षण दल' असा एक पर्याय टाकून हे तीन रकाने ऐच्छिक करायला आयटीच्या मुलाला फार वेळ लागायचा नाही.

एक जपायची गोष्ट : सुटकेची तारीख महिन्याच्या शेवटची असते आणि ती बरीच आधी ठरलेली असते. त्याआधी जवान शिल्लक सुट्टीवर घरी आलेला असतो, पण तेव्हाही तो सेवेतच असतो. "सोमवारपासून या, कागद मागून बघू" असं म्हणून त्याला त्या काळात रुजू करून घेऊ नका. फटका त्याला बसेल. ऑफर आधी द्या, रुजू तारीख सुटकेनंतरची द्या.

पगार. इथे आम्ही थोडं कडक बोलणार आहोत.

"तुम्हाला पेन्शन आहेच की." मुलाखतीतलं हे वाक्य बंद करा. पेन्शन ही आधी केलेल्या नोकरीची मिळकत आहे, तुमच्या कारखान्यातल्या कामाचा ॲडव्हान्स नाही. शेजारी बसलेल्या उमेदवाराच्या सासऱ्याचं ऊसाचं क्षेत्र किती हे विचारून त्याचा पगार ठरवता का? सातव्या वेतन आयोगात हवालदाराचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई भत्ता वेगळा, रेशन आणि राहण्याची सोय वेगळी. त्याला पहिल्यांदा 'सीटीसी' (कंपनीला पडणारा एकूण खर्च) सांगता तेव्हा त्यातला ग्रॅच्युइटीचा आणि मालकाच्या पीएफचा वाटा हातात येत नाही हे त्याला माहीत नसतं. ऑफर देताना हातात येणारी रक्कम एका ओळीत वेगळी लिहा. पहिली स्लिप बघून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एवढ्या एका ओळीने कमी होतं.

पीएफ आणि ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) बाबतीत दोन गैरसमज सारखे भेटतात. लष्कराची पेन्शन आहे म्हणून पीएफ लागू नाही, हा पहिला. वेतनमर्यादेचे नियम सगळ्यांना आहेत तेच लावा, पेन्शनचा त्याच्याशी संबंध जोडू नका. दुसरा, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे म्हणून ईएसआय नको. २१,००० रुपयांच्या मर्यादेखाली पगार असेल तर ईएसआय लागणारच, त्याने लिहून दिलं तरी सोडता येत नाही. आणि ही मर्यादा मोजताना पेन्शन पगारात धरायची नसते. उमेदवारांच्या बाजूनेही एक भीती असते की खासगी नोकरी धरली तर पेन्शन किंवा तिच्यावरचा महागाई भत्ता थांबेल. खासगी नोकरीने दोन्हीपैकी काही थांबत नाही. वीरपत्नीची कुटुंब पेन्शनही तिने नोकरी धरली म्हणून बंद होत नाही.

थोडं टीडीएसबद्दल, कारण याचा हिशेब कुणीच करत नाही. पेन्शन करासाठी पगारच धरली जाते. पेन्शन देणारी यंत्रणा तिच्यापुरता टॅक्स बघते आणि पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन देते, तुमचं अकाउंट्स तुमच्यापुरता बघतं आणि तेही पूर्ण देतं. दोघांच्या हिशेबात टॅक्स शून्य किंवा किरकोळ. जुलैत रिटर्न भरताना दोन्ही रकमा एकत्र येतात, वजावट एकदाच मिळते, स्लॅब वर सरकतो आणि एकरकमी टॅक्स व्याजासकट अंगावर येतो. त्याला वाटतं कंपनीने फसवलं. रुजू होताना वार्षिक पेन्शनचा आकडा लेखी घोषणापत्रात घ्या आणि त्याची संमती असेल तर तो धरून दरमहा टीडीएस कापा.

मुलाखतीत काय बिघडतं? "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं की तो गाव, तालुका, पलटण आणि हुद्दा सांगून थांबतो. फौजेत रिपोर्ट असाच देतात. तो 'मी' म्हणत नाही, 'आम्ही पूल बांधला' म्हणतो. तुमच्या गुणपत्रिकेत 'वैयक्तिक योगदान अस्पष्ट'. कुठे होतात, काय ऑपरेशन होतं विचारलं की गप्प बसतो, कारण बोलायची मुभा नसते. तुम्हाला वाटतं लपवतोय. आणि "गोळी चालवली का हो कधी?" हा प्रश्न कुणीही, कितीही कौतुकाने, विचारू नये. त्याऐवजी काम हातात द्या. स्टोअरच्या जागेसाठी वीस ओळींची चुकीची बिन कार्डं (मालाच्या आवक-जावकीची कार्डं) ठेवा आणि चुका शोधायला सांगा. मेकॅनिकला कंप्रेसरपाशी न्या. अर्ध्या तासात कळतं. बोलणं मराठीत किंवा हिंदीत होऊ द्या. इतकी वर्षं त्याची कामाची भाषा हिंदी होती, इंग्रजी ई-मेल त्याने फारसे लिहिलेले नसतात.

रुजू झाल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने धावपळीचे असतात. माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, कँटीनचं कार्ड, पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवरच्या दुरुस्त्या, बँक : प्रत्येकासाठी एखादा दिवस जातो आणि तो कामाचाच दिवस असतो. या काळात चार-पाच अर्ध्या दिवसांची सवलत आधीच मंजूर करून ठेवा. पुढेही ईसीएचएसचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा : साध्या दुखण्यालाही सहसा आधी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन रेफरल घ्यावा लागतो, मग पॅनेलवरच्या हॉस्पिटलात. वडिलांच्या मोतिबिंदूसाठी दोन फेऱ्या ठरलेल्या. सकाळी नंबर लावून बाराला कामावर येऊ दिलंत तर रजा वाचते आणि खोटं कारणही सांगावं लागत नाही.

शॉप फ्लोअरवर त्याचा वरिष्ठ सव्वीस वर्षांचा डिप्लोमा इंजिनिअर असतो. सगळ्यांना वाटतं इथे वयाचा अहंकार आडवा येईल. तसं फारसं होत नाही. फौजेत तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटला सलाम ठोकण्यातच त्याची नोकरी गेलेली असते. अडचण येते ती अर्धवट आदेशांनी. "जरा बघून घ्या ना ते पॅलेटचं" याचा अर्थ त्याला लागत नाही. काय, कधीपर्यंत, कुणाला विचारून, हे सांगितलं की काम झालेलं असतं. दुसरी बाजू अशी की अशक्य कामालाही तो 'ठीक आहे सर' म्हणून बसतो. मुदत जवळ आली की त्याच्याकडून होकार नका मागू, "काय कमी पडतंय?" असं विचारा.

काही प्लांट हेडना फौजी हवा असतो तो वेगळ्याच कामासाठी : "कामगारांना वठणीवर आणेल." कृपा करून हे करू नका. त्याला युनियनच्या विरोधात दांडा म्हणून उभं केलंत की पहिल्याच संपात तो एकटा पडतो. कामगार त्याच्याच पंचक्रोशीतले असतात, लग्नकार्यात गाठ पडणारे.

तो सोडून का जातो? गावापासूनचं अंतर, हे मोठं कारण. सतरा वर्षं घराबाहेर काढलेला माणूस पुन्हा चाकणला खोली घेऊन एकटा राहायला तयार नसतो. खटाव-कोरेगावकडच्या माणसाला शिरवळ जमेल, रांजणगाव जमणार नाही. कंपनीची बस कुठपर्यंत जाते ते ऑफरमध्ये लिहा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जणांनी प्राण दिले, आजही गावाचं नाव 'अपशिंगे मिलिटरी' आहे. अशा गावांच्या रस्त्यावर तुमची बस वळवण्याचा विचार करून बघा, एका थांब्यावर बरीच माणसं मिळतील.

अग्निवीरांचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे आणि ते दाराशी येऊन ठेपलं आहे. योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, भूदलाच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं. चार वर्षं मोजा. मूळ योजनेप्रमाणे जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, बाकीचे बाहेर येतील, वय साधारण २२ ते २७. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. व्याजासह सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी आणि कौशल्याचं प्रमाणपत्र एवढं हातात असेल. दहावीवर गेलेल्यांना बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र. 'फौजी म्हणजे पेन्शनर' या साच्यात त्यांना बसवलंत तर चूक होईल. त्यांच्यासाठी अप्रेंटिसशिपच्या जागा आत्ताच बाजूला काढा आणि वर्षभरानंतर कायम होण्याच्या अटी लिहा. स्टायपेंड ठरवताना इतकं लक्षात असू द्या की चौथ्या वर्षी त्यांच्या हातात महिना २८,००० येत होते, राहणं-खाणं फुकट.

आता घरच्यांकडे येऊ, खरं तर आधी यायला हवं होतं. तुमच्याकडे काम करणारी जवानाची बायको रेझ्युमेवर 'आठ वर्षांत चार नोकऱ्या' अशी दिसते. त्या चार गावांची नावं वाचा : देवळाली, अंबाला, सिकंदराबाद, पुणे. दर दोन-तीन वर्षांनी बदली. ती उड्या मारत नाही, पोस्टिंग मारतं. मुलाखतीत पुरावा म्हणून नवऱ्याची बदलीची ऑर्डर मागू नका. तो कागद बाहेर फिरवायचा नसतो, आणि एचआरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. तिचं स्वतःचं लेखी निवेदन पुरे, फार तर मुलाचा शाळेचा दाखला. नोकरी सोडायची वेळ आली तर आधी दोन प्रश्न विचारा : नव्या गावी आपली शाखा आहे का, आणि हे काम घरून होतं का? दोन्ही नाही असेल तर सन्मानाने जाऊ द्या आणि परत येताना जुनी सेवा धरण्याची तरतूद ठेवा.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. ती कधी मंजूर होईल आणि कधी रद्द होईल हे त्याच्या हातात नसतं. मे २०२५ मध्ये सुट्टीवर आलेल्यांना अर्ध्या सुट्टीतून परत बोलावलं गेलं, हे तुमच्याही गावात घडलं असेल. म्हणून तिच्या रजेला 'पंधरा दिवस आधी अर्ज' हा नियम लावू नका. तो येतो तेव्हाच रजा हवी असते. वर्षाला दहा-बारा दिवस 'ऐन वेळी' म्हणून राखून ठेवले तरी चालेल. आणि असेंब्ली लाइनवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम असेल तर तिच्यासाठी लाइन लीडरचा किंवा टाइम ऑफिसचा एक नंबर नवऱ्याकडे असू द्या. वरच्या चौकीवरून आठ दिवसांनी दोन मिनिटं रेंज मिळते, ती दोन मिनिटं तुमच्या टी-ब्रेकमध्ये येत नाहीत. सीमेवर काही सुरू असलं की कँटीनच्या टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा. तुमच्याच लाइनवर तिघी-चौघी तोंडचा घास विसरून पट्टी वाचत बसलेल्या असतात.

टेरिटोरियल आर्मीत (नोकरी सांभाळून गरजेच्या वेळी सेवा देणाऱ्या दलात) असलेले कामगार तुमच्याकडे असू शकतात, विशेषतः कोल्हापूर भागात, कारण तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी टीए बटालियन आहे. त्याला सेवेसाठी बोलावलं तर परतल्यावर पुन्हा कामावर घेणं हे १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी कायद्याने मालकावर बंधनकारक केलेलं आहे. त्याला 'गैरहजर' दाखवू नका, त्याच्या जागी कायमचा माणूसही भरू नका.

सीएसआरबद्दल (कंपनीच्या सामाजिक कामावरच्या खर्चाबद्दल) विचारणा होते. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांचे अवलंबित यांच्या भल्याची कामं आहेत. त्यातून परवान्याची परीक्षा, एक्सेल-एसएपीचे वर्ग, खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटसारख्या जखमी जवानांना शिकवणाऱ्या संस्थेला यंत्रं, हे करता येईल. स्वतःच्या कामगारांचा पगार त्यात दाखवता येणार नाही. २६ जानेवारीचे शाल-श्रीफळ आहेतच. त्या दिवशी मंचावर बसवलेल्या वीरपत्नीला फोटो झाल्यावर कुणी विचारत नाही की बाई, बी.कॉम. आहात, अकाउंट्सला जागा आहे, याल का?

जागा कळवायची ती जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याला, आणि एक प्रत पुण्यातल्या राज्याच्या सैनिक कल्याण विभागाला. भूदलाच्या माणसांसाठी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनकडेही नोंद करता येते. नौदल आणि हवाई दलाच्या अशाच यंत्रणा आहेत. 'माजी सैनिक पाहिजेत' एवढं लिहून पाठवलंत तर पुन्हा गार्डच येतील. असं लिहा :

"पद : स्टोअर असिस्टंट. ट्रेड : स्टोअरकीपर टेक्निकल, किंवा सीक्यूएमएच म्हणून काम केलेला. शिक्षण : दहावी चालेल. वैद्यकीय श्रेणी : श्रवण २ चालेल. ठिकाण : शिरवळ, कंपनी बस साताऱ्यापासून, पहिल्या पाळीची बस साडेपाचला निघते. हातात पगार : इतके रुपये, पेन्शन वेगळी. एसएपी कंपनी शिकवेल. ज्यांची सुटका पुढच्या सहा महिन्यांत आहे त्यांनीही अर्ज करावा. मुलाखत मराठी किंवा हिंदीत."

'इतके रुपये' च्या जागी आकडा टाका. 'समक्ष' लिहू नका.

आपले,
माजी सैनिकांच्या भरतीचं आणि कागदपत्रांचं काम करणारे काही जण